आठव्या दिवसाचा पहारा

ललिताआक्का पुस्तक कधी पुरतं उघडत नाही. दोन बोटं आत जातील एवढी फट करते आणि त्यातून डोकावून वाचते. नवख्या माणसाला वाटतं, बाई काहीतरी लपवते आहे. लपवायचा तिचा स्वभावच नाही. तिच्या नवऱ्याचा दौंड स्टेशनच्या फलाटावर पुस्तकांचा स्टॉल होता, आणि विकायचं पुस्तक सताड उघडलं की त्याची बांधणी मोडते, मग गिऱ्हाईक ते हातात घेतं आणि परत ठेवतं. नवरा म्हणायचा, वाच हवं तेवढं, पण कोरं ठेवून वाच. तिनं अख्खा स्टॉल तसाच वाचला. नवरा गेला तेव्हा दिरांनी सुचवलं, आता घरी बसा. ती स्टॉलवर जाऊन बसली.

त्या काळी दौंडात गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढ्या वेळात उतारू खाली उतरायचे, वडा खायचे आणि तसेच तेलकट हात घेऊन पुस्तकांकडे वळायचे. ललिता सुटाबुटातल्या माणसालाही सुनावायची, आधी नळावर जा, मग पुस्तकाला हात लाव. पुढे बाहेरच्या बाहेर जाणारी लाईन झाली, कितीतरी गाड्या दौंडात शिरेनाशा झाल्या, उरलेल्या उतारूंच्या हातात मोबाईल आले आणि स्टॉल मिटला. न विकलेली पुस्तकं तिच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. त्याच सुमारास ती लिहायला लागली. गठ्ठे बांधायचा तपकिरी कागद घरात पडून होता, त्यावरच सुरुवात केली. कुणी प्रेरणा वगैरे दिली नाही. एवढी वर्षं लोकांचं वाचलं, आता आपलं सांगावंसं वाटलं. त्यात नवल करण्यासारखं काही नाही. नवल याचं करावं, की बाकीच्या बायकांना ते वाटूनही त्या गप्प बसतात.

तिचं माहेर भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याहून पुढे गेलं की बारववस्ती लागते तिथे. चहूकडे ऊस, मध्ये देऊळ आणि देवळापुढे मोकळं अंगण. माघात तिथे सात दिवसांचा हरिनाम सप्ताह असतो. सप्ताहाला माहेरवाशिणी यायच्याच, ललिताही यायची. सात दिवस मांडवात पारायण, कीर्तन, आणि एक वीणा. ही वीणा सात दिवस-रात्र खाली टेकत नाही. एक माणूस ती गळ्यात घेऊन उभा राहतो, त्याचा पहारा संपला की दुसरा समोर येऊन उभा राहतो, दोन्ही हातांनी घेतो, कपाळाला लावतो आणि पुढचा पहारा करतो. ललिताचा धाकटा भाऊ हौसराव तिथला जुना वीणेकरी. अंगात ताप असताना त्यानं एकदा पहारा केला होता, पण वीणा टेकवली नव्हती. सोसायटीचा चेअरमन म्हणून त्याला लोक मानतातच, वीणेकरी म्हणून जरा जास्त मानतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या सातही दिवसांत वस्तीवरच्या बायका मांडवात बसत नाहीत. त्या मागे चुलीवर असतात. गावजेवणाच्या भाकऱ्या काही नामस्मरणानं भाजल्या जात नाहीत. मांडव त्यांना दिसतो तो मागच्या बाजूनं, आणि आठव्या दिवशी सकाळी तर तो सोडूनच नेतात. एका वर्षी ललिता दौंडहून पुस्तकांचं पोतं घेऊन आली आणि भावाला म्हणाली, मांडव एक दिवस जास्त राहू दे, आम्ही बसतो. हौसराव हसला. कापड उन्हात वाळेल तेवढंच, म्हणाला, बसा.

अशा रीतीनं आठवा दिवस सुरू झाला. नियम ठरवले कस्तुराबाईनं, म्हणजे या दोघांच्या आईनं. तिला अक्षर वाचता येत नाही, पण मांडव म्हटला की त्याला शिस्त हवी हे तिला कळतं. ती म्हणाली, पुस्तक वीणेसारखं धरायचं. वाचणारीनं उभं राहायचं, एक पान वाचायचं, मग पुढची समोर येऊन उभी राहील तिच्या हातात द्यायचं. घेणारीनं दोन्ही हातांनी घ्यायचं, कपाळाला लावायचं. पान वाचल्याशिवाय पुढे द्यायचं नाही आणि दिवस मावळेपर्यंत पुस्तक खाली ठेवायचं नाही. जिला वाचता येत नाही तिनं धरून उभं राहावं, शेजारणीनं वाचावं. कस्तुराबाई स्वतः तशीच उभी राहते आणि वाचणारी अडखळली तर तिच्याकडे रागानं बघते.

पहिली दोन-चार वर्षं छापलेली पुस्तकं झाली. मग गौतमीनं स्वतःचं लिहिलेलं आणलं. गौतमी वस्तीच्या खालच्या अंगाच्या बौद्ध आळीतली, रांजणगावच्या कंपनीत कामाला. लहानपणी आईबरोबर खुरपायला गेल्यावर मळ्यात तिला वरून पाणी ओतून प्यायला लावायचे, त्यावर तिनं चार पानं लिहिली होती. मळा कुणाचा ते त्यात होतं. 'एका मुलीची गोष्ट' म्हणून वाचते, माझी म्हणून सांगत नाही, असं ती म्हणाली तेव्हा ललितानं तिला फटकारलं. नाव लपवून वाचायचं असेल तर घरी बस, म्हणाली. गौतमीनं नावानिशी वाचलं. त्या सालापासून तिच्या आईला, भागुबाईला, वस्तीवरच्या मळ्यांतून खुरपायला बोलावणं येईनासं झालं. गौतमीनं पुढच्या वर्षी त्याच्यावरही लिहून आणलं.

यंदा ललिताची पाळी होती. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठव्या दिवसाचा कार्यक्रम तिनंच टाकला: 'ललिताआक्का, स्वतःची गोष्ट, नाव हक्कसोड.' एवढ्या एका शब्दानं काम केलं.

शहरातल्या वाचकाला तो शब्द उलगडून सांगायला हवा. बाप गेला की जमिनीला मुलींचीही नावं लागतात. मग भाऊ बहिणींना जीपमध्ये घालून शिरूरला रजिस्टर ऑफिसात नेतो. बहिणी आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही करून मशीनवर अंगठा देतात, भाऊ साडी घेतो, सगळे मिळून मिसळ खातात आणि माहेर शाबूत राहतं. इकडे हे घरोघर होतं आणि घरोघर त्यावर कुणी बोलत नाही. ललितानं आणि तिच्या दोन्ही बहिणींनी असाच अंगठा दिला होता. त्या दिवसावर तिनं पंधरा पानं लिहिली आणि दौंडच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणली.

सातव्या दिवशी काल्याची पंगत उठली, मागे कढया घासायचं काम चालू होतं, तेव्हा हौसराव बहिणीजवळ आला. आधी तो गोडीनं बोलला. आईवर लिही म्हणाला, देवळावर लिही, दौंडच्या स्टेशनावर लिही, सगळं पुस्तक मी छापून देतो. प्रकाशनाला मोठे पाहुणे आणतो. फाट्यावर फ्लेक्स लावतो. फ्लेक्सवर तिचा फोटो आपल्या फोटोपेक्षा मोठा ठेवायलाही तो कबूल झाला. चेअरमन माणसाच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नव्हती.

ललिता कढईची राख धूत म्हणाली, "त्यात खोटं काय हाय, वाचून सांग. खोटं निघालं तर फाडते."

"खरं हाय म्हणूनच म्हणतोय, आक्का."

पोरींच्या लग्नात हे निघेल, पाव्हणेरावळे विचारतील, दुसऱ्या घरच्या बहिणीही उठून कोर्टात जातील, असं बरंच तो बोलला. ती म्हणाली, मी जमीन मागत नाही. दिली ती दिली. कागद वाचून सही केली होती मी, आणि लिहिणं सोडल्याचं त्या कागदात कुठं नव्हतं. यावर हौसराव जायला वळला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या वाचलंस तर परत माझ्या दारात येऊ नको."

एवढं बोलून तो मांडवाकडे निघून गेला. ललिताच्या हातातली कढई धुऊन झाली होती तरी ती धूतच राहिली. ते दार टिकावं म्हणून तर तिनं अंगठा दिला होता. नवरा नाही, मूल नाही, दौंडच्या दोन खोल्यांत पुस्तकं सोडून कुणी वाट बघत नाही. सप्ताहाचे आठ दिवस आणि दिवाळीची भाऊबीज, एवढंच तिचं माणसांत असणं होतं. वाचलं तर ते जाणार होतं. नाही वाचलं तर पंधरा पानं दौंडच्या खोलीत इतर कोऱ्या पुस्तकांबरोबर कोरी पडणार होती.

सकाळी गौतमी आली ती रात्रपाळी करून थेट. कंपनीच्या बसनं तिला फाट्यावर सोडलं होतं, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. ललितानं तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, मी आज दुसरं काहीतरी वाचीन म्हणते. दौंडच्या वड्यावर एक आहे, हसतात बायका.

गौतमीनं सगळं ऐकून घेतलं. सल्ला दिला नाही. फक्त म्हणाली, "माझ्या टायमाला तुम्ही काय म्हणला होता, आक्का?"

ललिताला आठवत होतं. ते म्हणताना तिचं काही जात नव्हतं, हेही आठवलं. भागुबाईचं गेलं होतं. ललिता पिशवीकडे गेली आणि वड्याची पानं ठेवून 'हक्कसोड'ची काढून घेऊन आली.

मांडवात चाळीसेक बायका जमल्या होत्या. सुलक्षणा, म्हणजे हौसरावची बायको, पुढेच बसली होती आणि नवऱ्यानं बहिणीला दिलेला दम माहीत असल्यामुळे कुणाशी बोलत नव्हती. कस्तुराबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खांबापाशी मांडववाला शंभू रिकाम्या पोत्यांवर टेकला होता. आठव्या दिवसाचा त्याला दरवर्षी वैताग यायचा, पण तो जायचाही नाही.

आपलं लिहिलेलं असलं तरी नियम तोच. पहिलं पान लिहिणारीनं वाचायचं आणि पुढे द्यायचं, म्हणजे मग तिला ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागतं. कुठे खोटं वाजतं ते तेव्हाच कळतं. ललिता उभी राहिली आणि तिनं पहिलं पान वाचायला घेतलं. जीपमध्ये तिघी बहिणी कशा हसत होत्या, धाकटीला गाडी लागली म्हणून लिंबू कसं शोधलं, शिरूरला स्टँडजवळ मिसळ खाताना हौसानं सगळ्यांच्या ताटलीत आपला पाव कसा मोडून घातला, आणि हिरव्या साडीची पिशवी सीटखाली कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तो कसा पुन्हा पुन्हा वाकून बघत होता. बायका हसल्या. प्रत्येकीला आपापली जीप आठवत होती.

पान संपत आलं तेव्हा हौसराव मांडवात शिरला. पायताण काढून, पांढऱ्या कपड्यात, खांद्यावर उपरणं, तो सरळ बायकांच्या मधून चालत आला आणि बहिणीच्या अगदी समोर उभा राहिला. बास कर, एवढंच सांगायला तो आला होता. पण पुढचा वाचणारा उभा राहतो ती नेमकी तीच जागा. ललिताचं शेवटचं वाक्य संपलं, तिनं वर पाहिलं आणि समोर उभ्या माणसापुढे पानं धरली.

आणि हौसरावनं ती घेतली. दोन्ही हातांनी घेतली, डोकं लववलं, कपाळाला लावली. तीस वर्षांची सवय होती ती. मांडवात कुणी समोरून काही पुढे केलं की त्याचे हात त्याला विचारत नसत. ललितानं मुद्दाम केलं की तिलाही सवयच नडली, हे तिला कितीदा विचारलं तरी ती सांगत नाही.

बायका माना उंचावून बघायला लागल्या. मग मागे कुणीतरी पदरात तोंड घालून हसलं. हौसरावला आपल्या हातात काय आहे ते कळलं आणि त्याचा चेहरा पडला. ठेवायला म्हणून त्यानं खाली सतरंजीकडे पाहिलं. पण त्या मांडवात, त्या जागी उभं राहून, हातातलं खाली ठेवणं हे त्याच्याच्यानं होईना. त्यानं पानं बायकोपुढे केली.

सुलक्षणानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "पान वाचल्याबिगर घेता येत न्हाई," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं नवऱ्याला नाही म्हणायची ती पहिलीच वेळ.

त्यानं आईकडे पाहिलं. कस्तुराबाई म्हणाली, "धरलंस न्हवं? मग पहारा तुझा हाय."

हौसराव वाचायला लागला. त्याला मोठ्यानं वाचायची एकच रीत ठाऊक होती, पारायणाची. त्याच चालीवर, ओळीच्या शेवटी सूर लांबवत, त्यानं रजिस्टर ऑफिसची रांग, पंखा आणि टेबलावरचं मशीन वाचलं. शंभू खांबाशी टेकल्या टेकल्या खुसखुसत होता. पुढे मजकूर असा होता:

'मशीन माझा अंगठा घेईना. तिथला मुलगा म्हणाला, मावशी, पुसून लावा. मी पदराला पुसला, तरी घेईना. तेव्हा हौसानं माझा हात हातात घेतला आणि उपरण्याच्या टोकानं अंगठा पुसला, सावकाश, एकेक रेष कोरडी होईल असा. लहानपणी त्याचं नाक मी माझ्या परकरानं पुसायची. माझे पती गेल्यानंतर एवढ्या मायेनं माझा हात कुणी धरला नव्हता. मग तोच हात त्यानं मशीनवर दाबला.'

इथे चाल मोडली. सूर लांबवायला गेला आणि आवाज नुसताच थांबला. हौसरावनं डोळे मिटून उघडले, उपरण्याकडे हात गेला तो अर्ध्यातून परत आला. पानावर दोन ओळी उरल्या होत्या. त्या त्यानं साध्या आवाजात वाचल्या, घरात बोलतो तशा.

'मला त्याचा राग आला नाही. मी सोडत नाही म्हणाले असते तर त्यानं माझा हात सोडला असता का, एवढंच विचारायचं राहून गेलं.'

सुलक्षणा उठून त्याच्या समोर येऊन उभी राहिली. पण त्यानं पानं लगेच दिली नाहीत. पान उलटून तो पुढचं बघत होता.

"मनात वाचायचं न्हाई," ती म्हणाली. "आणा हिकडं."

बायका हसल्या, आणि त्या हसण्यात त्यानं पानं दिली. लवून, रीतसर. लोकांना वाटलं, आता हा निघून जाणार. तो शंभूशेजारी पोत्यांवर जाऊन बसला. मग पानं हातोहात फिरत राहिली. सुलक्षणानं वाचलं, तिच्या शेजारणीनं वाचलं, कस्तुराबाई पानं धरून उभी राहिली आणि गौतमीनं तिच्या खांद्यावरून वाचलं. लेकीनं लिहिलेल्या पानावर म्हातारीचं बोट ओळीवरून चाललं होतं, चुकीच्या ओळीवरून, पण चाललं होतं. पंधरा पानं झाल्यावर पाच-सहा जणींनी एकदमच विचारलं, आक्का, आम्ही आमचं लिवलं तर चालंल का. ललिता म्हणाली, मला कशाला विचारता? मी काय तहसीलदार हाय? लिहा.

हौसराव मधेच केव्हातरी उठून गेला होता. ललितानं भावाचं दार ओलांडलं नाही. कपड्यांची पिशवी गौतमीकडून आणवली आणि आईच्या पाया पडून फाट्यावरून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं दौंड गाठलं. रस्ताभर तिला वाईट वाटत होतं आणि भूकही सपाटून लागली होती. घरी पोचल्यावर तिनं आधी पिठलं टाकलं.

आठवडाभरानं फोन वाजला.

"आक्का, साडी हिरवी न्हवती."

"मग?"

"मोरपंखी हुती. मी घेतली, मला ठाव हाय. दोन दुकानं फिरलोय त्या रंगासाठी."

"मला हिरवी दिसली. माझ्या गोष्टीत ती हिरवीच राहील," ललिता म्हणाली. "मोरपंखी तू लिही."

पलीकडे पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती, विहिरीवर उभा असावा. मग तो म्हणाला, "त्ये हात सोडला असता का म्हणून तू लिवलंयस."

"व्हय."

"त्याला जवाब लिवायचा तर किती पानं लागत्यात?"

"खरं लिहिणार असशील तर एक पुरे. फिरवून लिहायला लागलास तर वही पुरायची न्हाई."

तो हसला नाही. लिहून झालं की काय करायचं, तू येणार का कागद न्यायला, असं त्यानं चाचरत विचारलं. दाराचा विषय दोघांनीही काढला नाही. ललिताला तो काढायची गरज वाटली नाही. तिनं समोरच्या फळीवरचा तपकिरी कागद ओढला, त्याची घडी सरळ केली आणि भावासाठी वेगळा काढून ठेवला.

"तूच ये दौंडला," ती म्हणाली. "आन् स्टेशनावर वडा खाल्लास तर नळावर हात धुऊन ये. माझ्याकडं पुस्तकं हायेत."